बर्फाला वास कुठून आला

१

"मशीन चांगलं आहे, एवढंच लिहून द्या," ती फोनवर म्हणाली. "दुरुस्त काही करायचं नाही. तपासा, लिहा, सही करा."

चाळीस वर्षं मी फ्रिज दुरुस्त केले. मशीन बिघडलंय म्हणून लोक बोलवायचे. चांगलं आहे असं लिहून घ्यायला मला कधी कोणी बोलावलं नव्हतं. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती. आता फोन वाजला की आधी तो शेजाऱ्यांचाच वाटायचा. मी पिशवी उचलली आणि निघालो.

घर रस्त्याच्या टोकाला, बैठं. मागच्या दाराच्या पायरीवर एक बाई बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, एक गाल सुजलेला, मांडीवर कापडी पिशवी. आत येऊ नका असं सांगितलेलं माणूस जसं बसतं, तशी ती बसली होती.

दार फोनवरच्या बाईने उघडलं, या घरच्या लेकीने. "तुम्हीच ना ते? आईच्या वहीत नंबर सापडला. 'थंडोबा, फ्रिज' असं लिहिलं होतं."

"तोच मी," म्हटलं. काम थंडीचं आणि बोलणं सावकाश, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिच्या आईला मी ओळखत होतो. पुस्तकं बांधायची. बाइंडरबाई म्हणायचे तिला सगळे. नऊ वर्षांपूर्वी हा फ्रिज मीच तिला आणून लावून दिला होता. खालच्या अर्ध्या भागात फ्रीझर, त्यात तीन खण, वरच्या खणात आपोआप बर्फ पाडणारं मशीन. विकत घेताना तिने मशीनकडे बघितलंही नाही. फक्त सगळ्यात खालच्या खणाची लांबी-रुंदी मोजपट्टीने मोजली. कशाला, ते मी विचारलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी ती गेली, हे मला त्या दिवशी कळलं.

तिचा नवरा खिडकीशी बसला होता. नकाशे काढायच्या कचेरीत उभा जन्म गेलेला, ताठ, अबोल माणूस. माझ्याकडे बघून मान हलवली, बस. हातात पेला, पेल्यात बर्फ.

"बाबांना गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते," लेक म्हणाली. "डॉक्टरांनी दिवसभर बर्फ चघळायला सांगितलाय. म्हणून मला जास्त काळजी. हा घ्या, तोंडात टाका."

मी खडा तोंडात टाकला. आधी नुसता गारवा. मग जिभेच्या मागे कडवट काहीतरी उतरलं, जीभ जराशी बधिर झाली, आणि नाकात दाताच्या दवाखान्यातला वास चढला. मी तो मोरीत थुंकला.

"आता हे हुंगा." तिने एक बोटाएवढी बाटली पुढे केली. लवंगेचं तेल. वास तोच.

"कोणाची?"

"पायरीवर बसलीय तिची. पिशवीत सापडली. अकरा वर्षं या घरात आहे ती, मावशी म्हणतो आम्ही तिला." तिने बाटलीचं बूच घट्ट लावलं. "महिन्यापूर्वी मी आले तेव्हा बर्फ चांगला होता. आता हा असा. कशासाठी घालते, किती घालते, मला माहीत नाही. रविवारी संध्याकाळी माझी परतीची गाडी आहे. त्याआधी तिला काढणार, घराला कुलूप लावणार आणि बाबांना घेऊन जाणार. तसंही ते एकटे राहू शकतील का, याची मला शंकाच आहे. एखादी जरी विचित्र गोष्ट दिसली तरी मी ठेवणार नाही त्यांना इथे."

खिडकीतल्या पेल्यात बर्फ किणकिणला.

"मग माझा कागद कशाला?"

"कामाला बायका देणारी ती एजन्सी आहे ना, तिला कारण लेखी लागतं. मशीनमध्ये दोष नाही असं मिस्त्रीने लिहून दिलं, की उरतो तो माणूस."

असं कारण एकदा लेखी गेलं की त्या बाईला दुसरं कुठलंही दार उघडणार नव्हतं. कागद तिने आधीच टाइप करून आणला होता. खाली फक्त सहीची जागा रिकामी होती.

"रविवारी सकाळी करतो," मी म्हणालो.

"आज शुक्रवार आहे. दोन दिवस कशाला?"

"बर्फ व्हायला वेळ लागतो, ताई."

२

पाण्यापासून सुरुवात केली. आमच्या धंद्यात मागून पुढे यायचं असतं. बर्फ वाईट असला तर पाणी बघा, पाणी चांगलं असलं तर नळी बघा.

नळाचं पाणी प्यायलो, चांगलं होतं. ओट्याखाली फिल्टर होता, नवाकोरा. त्यावर तारखेची चिठ्ठी, बरोबर तीन आठवड्यांपूर्वीची. मी जरा सरसावून बसलो. नवा फिल्टर लावल्यावर सुरुवातीचं पाणी टाकून द्यावं लागतं, नाहीतर बर्फाला कोळशाची चव येते. पण ही चव कोळशाची नव्हती. तरी मी फ्रिज भिंतीपासून ओढला, नळी मशीनला जिथे मिळते तिथे ती सोडवली आणि स्टीलच्या भांड्यात पाणी धरलं.

स्वच्छ. ना वास, ना चव.

म्हणजे मशीनच्या उंबऱ्यापर्यंत पाणी चांगलं येत होतं. बिघडत होतं ते त्याच्या पुढे. मशीन उघडलं, साचा पुसला, बोटं हुंगली. साच्याला वास होता, पण तो वरवरचा. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसला आणि गेला.

फिल्टरवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. एके काळी आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचो.

"थंडोबा? तू आहेस अजून?"

"दुकान गेलं. मी राहिलो."

"आणि आलास ते माझ्या फिल्टरला नावं ठेवायला."

"नाही. पाणी साफ आहे तुझं."

तो थोडा हिरमुसलाच, भांडायची तयारी करून बसला होता. "मग काय हवंय?"

"बाइंडरबाईकडे फिल्टर लावायला गेलास तेव्हा काय पाहिलंस?"

"पाहणार काय? म्हाताऱ्याने आधी मला पाच-दहा मिनिटं दारात उभं केलं. बेल वाजवतोय, वाजवतोय, आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज येतोय, पण दार उघडत नाही. उघडलं तेव्हा माणसाचे हात लालभडक. आणि फ्रिजपुढे लादी ओली. घसरून कंबर मोडली असती माझी. नंतर मलाच म्हणाले असते, पाणी सांडलंस म्हणून. मी तर अजून पाना काढला नव्हता."

"किती वाजले होते?"

"चार. चारचीच वेळ दिली होती म्हाताऱ्याने. आधी म्हणाला चारला या. मग दारात बघून म्हणतो, चारला कशाला आलात?"

दिलेली वेळ विसरण्याइतकं त्या घरात चार वाजता काय चालत होतं?

३

मावशी अजून पायरीवरच होती. मी शेजारी बसलो.

"मिस्त्रीदादा, तुम्ही सही करणार म्हणे."

"अजून केलेली नाही. ही बाटली कशाला बाळगता?"

तिने गालाला हात लावला. "दाढ. चौथा आठवडा चाललाय. काढायची भीती वाटते म्हणून बोळा ठेवते तेलाचा. हसू नका."

"हसत नाही. माझ्या तीन गेल्यात. बर्फाला वास येतो हे तुम्हाला कळलं नाही?"

"मला कसला वास येतोय? तोंडात लवंग, नाकात लवंग. परवा दूध करपलं तेव्हा शेजारीण सांगायला आली. आणि या दाढेवर बर्फ ठेवला तर इथेच आडवी होईन मी."

तिचं खरं असेल तर ज्या तेलावरून तिच्यावर आळ आला होता, त्याच तेलामुळे तिला तो वास कळला नव्हता. पण खरं असेल तर. नुसत्या बोलण्यावर लेकीने विश्वास ठेवला नसता, आणि मीही ठेवायचा नाही असं ठरवलं होतं.

"फ्रिजचं आणखी काही?"

"थर साचतो हो फार. हिवाचा. आधी वर्षातून एकदा खरवडायची, आता या एका महिन्यातच दोनदा. दार नीट लागत नसेल."

दार नीट लागत होतं. रबर मी तपासलं होतं. फ्रीझरचं दार रोज बराच वेळ उघडं राहिलं, की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिचं हिव बनतं. हे माझ्या धंद्यातलं पहिलं पान.

"चार वाजता तुम्ही कुठे असता?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "साहेब बाहेर पाठवतात. रोज. लिंबं आण म्हणतात. घरात लिंबांची टोपली भरून वाहतेय, निम्मी वाळून गेली. परत येते तर न्हाणीघरातलं स्टूल स्वयंपाकघरात."

"विचारलं नाहीत कधी?"

"कशाला? बाई गेल्या. उरलेल्या माणसाला एखादी गोष्ट एकट्याची असावी की." मग खाली बघत म्हणाली, "मी फाटकापाशी थोडी जास्तच रेंगाळते. घाई करत नाही."

मी आत गेलो. लेकीकडून दोन वाट्या मागितल्या, घट्ट झाकणाचा डबा मागितला. तिच्यासमोर नळाचं पाणी एका वाटीत भरलं आणि ती उघडीच मधल्या खणात ठेवली. दुसरी तशीच भरून डब्यात बंद केली आणि तो डबा तिच्या शेजारी ठेवला. डब्याच्या झाकणावर कागदी पट्टी चिकटवून तिची सही घेतली.

"हे कशाला?"

"मावशी दोन दिवस या घरात येणार नाहीत. तुम्ही आणि बाबा दोघंच. रविवारी बघू."

मग माझं लक्ष सगळ्यात खालच्या खणाकडे गेलं. त्यावर एक चिठ्ठी होती. मी अक्षरं उशिरा शिकलो, त्यामुळे दिसेल ते वाचायची खोड आहे, औषधाच्या बाटलीपासून विजेच्या खांबापर्यंत. चिठ्ठीवर सुरेख वळणाने लिहिलं होतं: 'हा खण खाण्याचा नाही. कोणी उघडू नये.'

"आईचा तो," लेक म्हणाली. "जुन्या पुस्तकांना कसर लागते ना, ती पुस्तकं ती आठवडाभर गोठवायची. किडे, अंडी, सगळं मरतं. आमच्या जुन्या फ्रिजलाही असा एक खण होता. लहानपणी हात लावला की चापट बसायची. मावशीलाही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"आता त्यात काय आहे?"

"काही नसणार. आई तर... परवा मी सगळा फ्रीझर सोडा लावून धुतला. हा तेवढा—" ती स्वतःशीच थबकली. पस्तिशीतली बाई, पण हात आपोआप मागे गेला होता. "उघडू का?"

"त्यात पुस्तकं आहेत." खिडकीकडून आवाज आला. त्या माणसाने मला ऐकू येईल असं काढलेलं ते पहिलं वाक्य. "गिऱ्हाइकाची. परत द्यायचीत. हात लावू नका."

मी वाकून बघितलं. वरच्या दोन्ही खणांवर परवा धुतल्यानंतरही पुन्हा हिवाचा पांढरा लेप चढला होता. खालच्या खणाची मूठ लख्ख होती.

४

शनिवारी लेक एजन्सीत गेली तेव्हा मी पुन्हा गेलो. दार साहेबांनीच उघडलं. मला बाइंडरबाईच्या कामाच्या खोलीत घेऊन गेले, खिडकी लागत नाही म्हणाले. खिडकी चांगली लागत होती. बोलायला माणूस हवा होता, आणि बोलायची सवय नव्हती. मला ही तऱ्हा माहीत आहे. मीही कधीकधी दुकानात जाऊन न लागणाऱ्या वस्तूचा भाव विचारतो.

खोली अर्धी रिकामी झाली होती. भिंतीशी खोकी रचलेली, त्यांवर लेकीच्या हाताने 'द्यायचे' असं लिहिलेलं.

"महिन्यापूर्वी आली तेव्हा तिने आवरायला घेतलं," ते म्हणाले. "चांगल्यासाठीच. खोली भाड्याने दिली तर सोबत होईल म्हणाली."

पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा होता, सुया होत्या, चामड्याचे तुकडे होते. फळीवर काचेच्या बरण्या. मी वाचत गेलो. एका बरणीवर लिहिलं होतं: 'खळ. चार थेंब लवंग तेल घालणे, नाहीतर बुरशी.'

मी ते दोनदा वाचलं.

भिंतीवर फोटो होता. बाइंडरबाई शिकंज्यापाशी, गुडघ्यापर्यंत जाड कापडाचा एप्रन, त्यावर वाळलेल्या खळीचे डाग. दाराच्या मागे एक खिळा. खिळ्याखालचा रंग घासून गुळगुळीत झाला होता, कापड वर्षानुवर्षं टांगून होतो तसा. खिळा रिकामा होता.

"एप्रन कुठे गेला?"

"कपड्यांबरोबर गेला असेल."

त्यांनी पेल्यातला खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. कडू औषध घेणाऱ्याचा चेहरा मी पाहिलाय, तो असा नसतो.

"कडवट लागत नाही तुम्हाला?"

"मला चालतो."

"ताई म्हणतात त्यात काहीतरी घातलंय."

"कोणी काही घातलेलं नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी शिकंज्यावरच्या धुळीत बोट फिरवलं.

"मावशीला मी दुसरीकडे लावून देईन," ते शेवटी म्हणाले.

"लेखी कारण गेल्यावर? कोण ठेवेल?"

त्यांनी पेला खाली ठेवला. हात लाल होते, बोटांना भेगा. "तुम्ही एकटे असता?"

"हो. अकरा वर्षं झाली."

"तिचं काही ठेवलंत?"

"चपला होत्या दारात. लोक म्हणाले, देऊन टाका, बघून त्रास होईल. दिल्या." मला पुढे बोलायचं नव्हतं, पण बोललो. "आता तिथे चपला नाहीत. त्रास आहे."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ती म्हणायची, थंडीत सगळं थांबतं. कसर थांबते, कुजणं थांबतं. जे आहे ते आहे तसं राहतं."

"पुस्तक ठेवताना ती कशात गुंडाळायची?"

"प्लॅस्टिकमध्ये. दोनदा. कडा चिकटपट्टीने बंद." नकाशेवाल्याचं उत्तर, मोजून मापून. मग त्यांच्या लक्षात आलं, मी असं का विचारलं ते. चेहरा उतरला.

"प्लॅस्टिकला स्वतःचा वास असतो," ते हळूच म्हणाले.

"असतो," मी म्हटलं. "उद्या दहा वाजता येतो. मी काही बोलणार नाही. पण सही करायची का नाही, ते मला दहा वाजता ठरवावं लागेल."

५

रविवारी मावशीला आत बोलावलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. पिशवी खांद्यालाच. लेकीने टेबलावर कागद ठेवला, पेन ठेवलं.

मी वाट्या काढल्या. आधी उघडी. लेकीने तुकडा तोंडात टाकला आणि लगेच काढला.

"तोच वास. जरा कमी, पण तोच."

मग डबा. कागदी पट्टी शाबूत, सही तिचीच. झाकण उघडलं. तिने चाखलं, पुन्हा चाखलं, माझ्याकडे बघितलं.

"हा चांगला आहे."

"पाणी एकाच नळाचं. तुमच्यासमोर भरलं. दोन्ही एकाच खणात, शेजारी शेजारी. मावशी घरात नव्हत्या, मशीनचा तर प्रश्नच नाही, या वाट्या मशीनमधून आल्याच नाहीत. फरक एवढाच, की एकीवर झाकण होतं."

"मग?"

"बर्फ शेजाऱ्याचा वास घेतो, ताई. उघडा ठेवला तर हवेत जे असेल ते ओढून घेतो. कोणाच्या हाताने काही पडलेलं नाही. वास फ्रीझरच्या हवेत आहे. रोज थोडा थोडा सुटतोय, आणि सगळ्यात वर मशीनखाली बर्फाचं उघडं टोपलं आहे, ते सगळा पीत बसलंय."

"म्हणजे आतच काहीतरी आहे." ती विचारात पडली. "पण मी सगळं धुतलं. काहीच नव्हतं. आणि लवंग? फ्रीझरमध्ये लवंग कोण ठेवेल?"

मी उत्तर दिलं नाही.

उत्तर माझ्याकडे होतं. लख्ख मूठ, चार वाजताची ओली लादी, स्टूल, रिकामा खिळा, बरणीवरची चिठ्ठी. नऊ वर्षांपूर्वी मोजलेला खण. सगळं जुळलं होतं आणि ते मी दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. मावशीची सुटका तिथल्या तिथे झाली असती. पण लेकीने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, एक विचित्र गोष्ट दिसली की बाबांना इथे ठेवणार नाही. ती गोष्ट माझ्या तोंडून आली तर ती विचित्रच दिसणार होती. त्यांच्या तोंडून आली तर कदाचित नाही.

"मिस्त्री, तुम्हाला माहीत आहे," लेक म्हणाली. "बोलत का नाही?"

"मी फ्रिजचा मिस्त्री आहे. माझं काम वाट्यांपर्यंत होतं."

"मग सही करा. मशीन चांगलं आहे, हे तरी खरं ना?"

"ते खरं आहे."

मी पेन उचललं. माझी सही व्हायला वेळ लागतो, एकेक अक्षर काढतो मी. पहिलं अक्षर झालं. मावशीने पिशवीचा बंद घट्ट केला. तिने साहेबांकडे बघितलंही नाही. चारला लिंबं आणायला जाताना ती अशीच जात असणार.

दुसरं अक्षर काढतो तोच मागे खुर्ची सरकली. ते उठले. सरळ न्हाणीघरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्टूल होतं.

६

त्यांनी स्टूल फ्रिजपुढे ठेवलं, सवयीच्या जागी, बरोबर लादीच्या रेघेवर. बसले. खालचा खण ओढला.

आत पुस्तक नव्हतं. उशीचा अभ्रा होता, तोंडाला सुतळी. सुतळी सोडली आणि त्यांनी आतला एप्रन बाहेर काढला. खळीने आणि गारठ्याने ताठ झालेला, पुठ्ठ्यासारखा. खिशात अजून एक सुई अडकलेली होती.

"बाबा," लेक म्हणाली.

"तू खोली आवरायला घेतलीस. खोक्यात गेला असता." ते तिच्याकडे बघत नव्हते. "आणि खिळ्यावर होता तेव्हाही वास कमीच होत चालला होता. रोज जरा कमी. तिने सांगितलं होतं, थंडीत सगळं थांबतं. म्हटलं, थांबवू. प्लॅस्टिकमध्ये घातला असता तर तिचा वास गेला असता, प्लॅस्टिकचा राहिला असता. चार वाजता ती चहाला उठायची, एप्रन काढून इथे ओट्यावर टाकायची. म्हणून चारला उघडायचो. थोडा वेळ."

"आणि बर्फ?"

"बर्फाला वास यायला लागला तेव्हा मला कळलं." त्यांनी सुतळी बोटाला गुंडाळली. "मला वाटलं, चला, कुठेतरी आहे. इथून जातो तो तिथे तरी जातो. म्हणून बोललो नाही. मावशीवर आलं तेव्हा बोलायला हवं होतं. पण तू म्हणाली असतीस, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही."

लेक खाली बसली, लादीवर, लहानपणी चापट बसायची त्याच जागी. एप्रन हातात घेतला, नाकाशी धरला. कपाळाला आठी पडली.

"काही येत नाही, बाबा. नुसता गार लागतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकं खूप बघितली, पण मशीनबद्दल इतक्या आशेने मला कोणी विचारलं नव्हतं. "थांबतं ना सगळं? थंडीत?"

खोटं बोलता आलं असतं.

"थांबत नाही, साहेब," मी म्हणालो. "सावकाश होतं, एवढंच."

मग मी उठलो आणि वरचा खण पूर्ण बाहेर काढला. टोपलं काठोकाठ भरलं होतं. धुतल्यापासून साचलेला सगळा बर्फ. मोरीत ओतणार तेवढ्यात ते म्हणाले, "टाकू नका."

"टाकत नाही. गार वास अर्धाच असतो. तुम्ही बघा तर खरं."

सगळ्यात मोठं पातेलं घेतलं, त्यात बर्फ ओतला आणि शेगडीवर मंद आचेवर ठेवलं. खिडकी बंद केली. आम्ही चौघं बघत राहिलो. बर्फ आधी तडकला, मग सरकला, मग एकमेकांना चिकटून खाली बसला. पाणी कोमट झालं. वाफेची पहिली रेघ वर आली आणि स्वयंपाकघर बदललं.

मला लवंग आली, चामडं आलं, ओल्या कागदाचं काहीतरी आलं. माझ्यासाठी तेवढंच. पण लेकीने ओट्याची कड धरली.

"आईच्या हाताचा वास," ती म्हणाली. "वेणी घालताना यायचा. मला आवडायचा नाही. मी म्हणायचे, हात धुऊन ये." आठवडाभर ती याच वासाला घाण म्हणत होती, विष म्हणत होती.

साहेब स्टुलावरच होते. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, बर्फाविना.

बऱ्याच वेळाने लेकीने टेबलावरचा कागद उचलला. माझी अर्धी सही त्यावर होती. तिने तो चारदा दुमडला आणि केराच्या डब्यात टाकला. मावशीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, मावशी नको नको म्हणत असतानाही, आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"सोमवारी दाढ काढून या," ती परत येऊन म्हणाली. "मी एजन्सीला फोन करते. संध्याकाळच्या गाडीने मी एकटीच जाते."

"लिंबांचं काय करू?" मावशीने विचारलं.

"लिंबं पुरे." साहेबांनी डोळे न उघडता सांगितलं. "चारला घरात थांबलात तरी चालेल."

मी एप्रनची घडी घातली, बाइंडरबाईने घातली असती तशी, प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळली आणि कडा चिकटवल्या. किती दिवस राहील, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मशीनचं टोपलं धुऊन पुसून परत लावलं. पहिले दोन घाणे टाकून द्या, म्हटलं, तिसऱ्यापासून बर्फ चांगला येईल. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि चांगला बर्फ येणार हे ऐकून एखाद्याचा चेहरा इतका ओसाड होऊ शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

निघताना मागच्या दारापाशी वळून बघितलं. वाफेने खिडकीच्या काचा भरल्या होत्या. मावशी पातेल्यावर वाकली होती. सुजलेला गाल एका हाताने धरून ती पुन्हा पुन्हा श्वास ओढत होती. तोंडात लवंगेचा बोळा, तिला काय कळणार? अकरा वर्षं बाईंच्या शेजारी उभी राहिलेली ती, आणि त्या खोलीत वास न येणारी तीच एकटी.

"मला काहीच येत नाही हो," ती लेकीला म्हणाली. "कसा येतोय? सांगा ना."

लेक तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि सांगायला लागली.